बेनेडिक्ट आर्नोल्ड

बेनेडिक्ट आर्नोल्ड (जन्म : नॉर्विच, कनेक्टिकट, १४ जानेवारी, इ.स. १७४१, मृत्यू : लंडन, १४ जून, इ.स. १८०१) हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील एक सेनानी होता. युद्धाच्या पहिल्या तीन वर्षांत त्याने वसाहतींच्या बाजूने लढून मोठा लौकिक मिळवला. पुढे इ.स. १७८० मध्ये हडसन नदीवरील वेस्ट पॉइंटचा किल्ला पैशाच्या मोबदल्यात ब्रिटिशांच्या हवाली करण्याचा त्याने कट केला. कट उघडकीस येताच तो शत्रूच्या गोटात पळून गेला आणि उरलेल्या युद्धात ब्रिटिशांकडून लढला. रायगडाच्या वेढ्याच्या कथेमुळे मराठीत सूर्याजी पिसाळ हे नाव फितुरीचे दुसरे नाव होऊन बसले आहे. अमेरिकेत तेच स्थान आर्नोल्डच्या नावाला आहे.

बालपण आणि व्यापार

आर्नोल्ड घराणे न्यू इंग्लंडमधील जुन्या व प्रतिष्ठित घराण्यांपैकी एक होते. बेनेडिक्टचा त्याच नावाचा पणजोबा ऱ्होड आयलंड वसाहतीचा गव्हर्नर होता. वडील नॉर्विच येथे व्यापार करीत. भावंडांपैकी बेनेडिक्ट आणि त्याची बहीण हॅना ही दोघेच मोठी होईपर्यंत जगली. बाकीची बालपणीच वारली. मुलांच्या मृत्यूनंतर वडील दारूच्या आहारी गेले, व्यापार बुडाला आणि फीअभावी बेनेडिक्टला कँटरबरी येथील खाजगी शाळा सोडावी लागली. आईच्या नात्यातील लॅथ्रॉप बंधूंच्या औषधांच्या दुकानात त्याने उमेदवारी केली. इ.स. १७५९ मध्ये आई आणि इ.स. १७६१ मध्ये वडील वारले. गावात एके काळी मान असलेल्या घराची झालेली ही दैना त्याने किशोरवयात पाहिली. पुढील आयुष्यात पैसा आणि मानमरातब यांबाबत तो कमालीचा हळवा राहिला, त्याचे मूळ बहुतेक चरित्रकारांना येथे दिसते.

इ.स. १७६२ मध्ये लॅथ्रॉप बंधूंच्याच मदतीने त्याने न्यू हेवन येथे औषधे व पुस्तकांचे दुकान थाटले. लवकरच अ‍ॅडम बॅबकॉक याच्या भागीदारीत त्याने जहाजे घेतली आणि वेस्ट इंडीज बेटांशी व्यापार सुरू केला. अनेकदा तो स्वतःच जहाजावर असे. इ.स. १७६४ चा साखर कायदा आणि इ.स. १७६५ चा मुद्रांक कायदा यांमुळे या व्यापाराला मोठा फटका बसला. इतर अनेक व्यापाऱ्यांप्रमाणे आर्नोल्डनेही जकात चुकवून माल आणण्यास सुरुवात केली व स्वातंत्र्यपुत्र या ब्रिटिशविरोधी संघटनेशी संबंध जोडला. इ.स. १७६७ मध्ये न्यू हेवनच्या शेरीफची मुलगी मार्गारेट मॅन्सफिल्ड हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्यांना बेनेडिक्ट, रिचर्ड आणि हेन्री असे तीन मुलगे झाले.

युद्धाचा आरंभ

१९ एप्रिल, इ.स. १७७५ रोजी लेक्झिंग्टन आणि काँकर्ड येथे पहिल्या चकमकी झडल्या, तेव्हा आर्नोल्ड कनेक्टिकटच्या नागरी सैन्यातील एका तुकडीचा कप्तान होता. बातमी येताच त्याने न्यू हेवनच्या पंचांकडे दारूकोठाराच्या किल्ल्या मागितल्या. पंच टाळाटाळ करू लागल्यावर कोठार फोडण्याची धमकी देऊन त्याने त्या मिळवल्या आणि तुकडीसह बॉस्टनजवळच्या केंब्रिजकडे कूच केले. न्यू हेवनमध्ये या प्रसंगाचे स्मरण आजही दरवर्षी केले जाते.

बॉस्टनला वेढा घालून बसलेल्या वसाहतवाल्यांजवळ तोफा नव्हत्या. शँप्लेन सरोवराजवळच्या टिकाँडरोगा किल्ल्यात तोफा भरपूर आणि शिबंदी मात्र नाममात्र आहे, हे आर्नोल्डने मॅसॅच्युसेट्सच्या सुरक्षा समितीला पटवून दिले. समितीने त्याला कर्नलची सनद दिली. मात्र एथन ॲलन आपले ग्रीन माउंटन बॉइज घेऊन त्याच कामगिरीवर आधीच निघाला होता, आणि त्याची माणसे दुसऱ्या कोणाचा हुकूम मानायला तयार नव्हती. अखेर १० मे रोजी पहाटे दोघांनी बरोबरीने किल्ल्यात प्रवेश केला. श्रेय कोणाचे, यावरून झालेला वाद पुढे बराच काळ चालला. नंतर कनेक्टिकटने पाठवलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करण्यास नकार देऊन आर्नोल्डने राजीनामा दिला. याच सुमारास, जूनमध्ये, त्याची पत्नी मार्गारेट वारली. घर व मुलांचा सांभाळ बहीण हॅना हिने हाती घेतला.

क्वेबेकची मोहीम

कॅनडावरील स्वारीत एक फौज शँप्लेन सरोवराच्या मार्गाने आणि दुसरी मेनच्या अरण्यातून न्यावी, ही योजना सेनापती जॉर्ज वॉशिंग्टनने मान्य केली. दुसऱ्या फौजेचे नेतृत्व आर्नोल्डकडे आले. सप्टेंबर, इ.स. १७७५ मध्ये सुमारे १,१०० माणसे घेऊन तो निघाला. त्याच्याजवळचे नकाशे चुकीचे होते. सुमारे १८० मैलांचा समजलेला मार्ग प्रत्यक्षात ३५० मैलांचा निघाला. ओल्या लाकडाच्या घाईघाईने बांधलेल्या नावांना गळती लागली आणि धान्य व दारूगोळा भिजून नासला. केनेबेक नदीच्या प्रवाहाविरुद्ध या नावा ओढत, जेथे प्रवाह अडे तेथे खांद्यावर वाहत, माणसे पुढे सरकत होती. पूर आले, थंडी वाढली. एका तुकडीचा प्रमुख आपली माणसे आणि शिधा घेऊन परत फिरला. उरलेल्यांनी कुत्री खाल्ली, जोड्यांचे व पट्ट्यांचे कातडे उकळून खाल्ले. नोव्हेंबरमध्ये सेंट लॉरेन्स नदीच्या काठी पोहोचलेली माणसे सुमारे ६०० होती. ही वाटचाल लष्करी दृष्ट्या निष्फळ ठरली, तरी तिने आर्नोल्डचे नाव सर्व वसाहतींत पोहोचवले.

मॉंट्रियल घेऊन आलेला जनरल रिचर्ड माँटगोमेरी त्याला येऊन मिळाला. बऱ्याच सैनिकांच्या नोकरीची मुदत वर्षअखेर संपणार असल्याने ३१ डिसेंबरच्या पहाटे, बर्फाच्या वादळात, दोघांनी क्वेबेकवर हल्ला चढवला. माँटगोमेरी ठार झाला, आर्नोल्डच्या डाव्या पायाला गोळी लागली आणि डॅनियल मॉर्गनसह शेकडो माणसे कैद झाली. जखमी आर्नोल्डने मूठभर लोकांनिशी शहराचा वेढा चालू ठेवला. त्याला ब्रिगेडियर जनरल करण्यात आले. वसंत ऋतूत ब्रिटिश कुमक येताच अमेरिकनांना कॅनडा सोडावा लागला.

व्हॅल्कूर बेटाची लढाई

माघार घेणाऱ्या अमेरिकनांचा पाठलाग करून हडसन खोऱ्यात उतरण्यासाठी ब्रिटिशांना शँप्लेन सरोवर ओलांडणे भाग होते. सागरी व्यापाराचा अनुभव असलेल्या आर्नोल्डने सरोवराच्या दक्षिण टोकाला स्केन्सबरो येथे इ.स. १७७६ च्या उन्हाळ्यात घाईने एक छोटे आरमार उभे केले. त्याला तोंड देण्याइतकी जहाजे बांधण्यात ब्रिटिशांचा मोलाचा काळ गेला. ११ ऑक्टोबर रोजी व्हॅल्कूर बेटाच्या आडोशाला झालेल्या लढाईत आर्नोल्डच्या जहाजांची चाळण झाली. रात्री धुक्याचा फायदा घेऊन, वल्ह्यांचा आवाज होऊ न देता, उरलेली जहाजे शत्रूच्या रांगेतून निसटली. पण पुढील दोन दिवसांत बहुतेक सर्व पकडली गेली किंवा आर्नोल्डने स्वतःच जाळली. लढाई हरली, मात्र हिवाळा तोंडावर आल्याने ब्रिटिश सेनापती गाय कार्लटन माघारी गेला आणि स्वारी एक वर्ष लांबली. या लढाईत बुडालेली फिलाडेल्फिया ही तोफनौका इ.स. १९३५ मध्ये सरोवरातून वर काढण्यात आली. ती आता स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे.

डावललेली बढती

फेब्रुवारी, इ.स. १७७७ मध्ये काँग्रेसने पाच ब्रिगेडियर जनरलांना मेजर जनरल केले. पाचही जण आर्नोल्डपेक्षा कनिष्ठ होते. कनेक्टिकटला आधीच दोन मेजर जनरल मिळालेले असल्याने तिसरा देता येत नाही, असे कारण देण्यात आले. वॉशिंग्टनला स्वतःला हा निर्णय अन्यायाचा वाटला आणि त्याने आर्नोल्डला राजीनामा देण्यापासून परावृत्त केले. एप्रिलमध्ये डॅनबरीवर आलेल्या ब्रिटिश तुकडीशी रिजफील्ड येथे लढताना आर्नोल्डचा घोडा गोळ्या लागून कोसळला, पण तो बचावला. यानंतर त्याला बढती मिळाली, ज्येष्ठता मात्र दिली गेली नाही. शिवाय मॉंट्रियलमधील मालाची अफरातफर, मोहिमेचे हिशेब, अशी प्रकरणे त्याच्यामागे लागलेलीच होती. त्यांतील काही आरोप द्वेषापोटी केलेले होते. परंतु हिशेब ठेवण्याच्या बाबतीत आर्नोल्ड कधीच काटेकोर नव्हता, हेही खरे.

साराटोगा

इ.स. १७७७ च्या उन्हाळ्यात जनरल जॉन बर्गोइन कॅनडातून मोठी फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला. त्याच्या मदतीला पश्चिमेकडून येणाऱ्या दुसऱ्या सैन्याने स्टॅनविक्स किल्ल्याला वेढा घातला होता. आर्नोल्डने तो जवळजवळ रक्तपाताशिवाय उठवला. हॉन योस्ट श्यूलर नावाच्या एका कैद्याच्या भावाला ओलीस ठेवून त्याने कैद्याला शत्रूच्या छावणीत पाठवले. अमेरिकनांची संख्या त्याने इतकी फुगवून सांगितली, की ब्रिटिशांच्या बाजूचे मूलनिवासी योद्धे निघून गेले आणि वेढा मोडला.

साराटोगाजवळ १९ सप्टेंबर रोजी फ्रीमनच्या शेतावर पहिली लढाई झाली. अमेरिकन सेनापती होरेशियो गेट्स बचावाच्या बाजूचा होता, आर्नोल्डला पुढे होऊन भिडायचे होते. आर्नोल्डच्या विभागातील तुकड्यांनी लढाईचा मुख्य भार उचलला असूनही गेट्सने काँग्रेसला पाठवलेल्या वृत्तांतात त्याचा उल्लेख केला नाही. दोघांचे कडाक्याचे भांडण झाले व गेट्सने त्याची नेमणूक काढून घेतली. ७ ऑक्टोबर रोजी बेमिस टेकड्यांजवळ दुसरी लढाई सुरू झाली, तेव्हा आर्नोल्डकडे कोणतेही सैन्य नव्हते. तो परवानगीशिवाय घोड्यावर बसून रणात गेला, समोर येतील त्या तुकड्यांचे नेतृत्व करीत ब्रेमन याच्या मोर्चावर तुटून पडला आणि तो मोर्चा पडत असतानाच त्याच्या डाव्याच पायाला पुन्हा गोळी लागली. घोडा अंगावर कोसळून हाड मोडले. दहा दिवसांनी, १७ ऑक्टोबर रोजी, बर्गोइनने शरणागती पत्करली. या विजयामुळे फेब्रुवारी, इ.स. १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी तह केला आणि युद्धाचे पारडे फिरले. आर्नोल्ड त्या वेळी रुग्णालयात पडून होता. पाय कापू देण्यास त्याने ठाम नकार दिला. पाय वाचला, पण दुसऱ्यापेक्षा सुमारे दोन इंच आखूड झाला. काँग्रेसने त्याची ज्येष्ठता आता परत दिली. विजयाचे सुवर्णपदक मात्र गेट्सच्या नावे काढले गेले.

फिलाडेल्फिया

घोड्यावर बसणे अशक्य असल्याने वॉशिंग्टनने जून, इ.स. १७७८ मध्ये त्याला फिलाडेल्फियाचा लष्करी प्रशासक नेमले. ब्रिटिशांनी शहर नुकतेच सोडले होते. आर्नोल्डने भव्य वाड्यात बिऱ्हाड केले, घोडागाडी, नोकरचाकर, मेजवान्या यांवर ऐपतीबाहेर खर्च केला आणि तो भागवण्यासाठी पदाचा वापर करून खाजगी व्यापारात हात घातला. राजनिष्ठ मानल्या जाणाऱ्या कुटुंबांत त्याची ऊठबस वाढली. न्यायाधीश एडवर्ड शिपेन यांची मुलगी पेगी हिच्याशी ८ एप्रिल, इ.स. १७७९ रोजी त्याने दुसरा विवाह केला. तो ३८ वर्षांचा होता, ती १८ वर्षांची. शहर ब्रिटिशांच्या ताब्यात असताना तरुण अधिकारी जॉन आंद्रे याच्याशी तिची ओळख झाली होती.

पेनसिल्व्हेनियाच्या कार्यकारी मंडळाचा अध्यक्ष जोसेफ रीड याने फेब्रुवारी, इ.स. १७७९ मध्ये आर्नोल्डवर आठ आरोप जाहीर केले. आर्नोल्डने स्वतःच लष्करी न्यायालयाची मागणी केली. खटला लांबत गेला. जानेवारी, इ.स. १७८० मध्ये लागलेल्या निकालात बहुतेक आरोपांतून त्याची सुटका झाली. एका जहाजाला दिलेला परवाना आणि सरकारी गाड्यांचा खाजगी वापर या दोन किरकोळ बाबतींत वॉशिंग्टनने त्याला ठपका द्यावा असे ठरले. वॉशिंग्टनने शक्य तितक्या सौम्य शब्दांत तो दिला, तरी तो आर्नोल्डच्या जिव्हारी लागला. त्याच सुमारास क्वेबेक मोहिमेच्या हिशेबात त्याच्याकडेच सुमारे १,००० पौंड येणे आहे, असा निष्कर्ष काँग्रेसच्या हिशेबनिसांनी काढला.

गुप्त पत्रव्यवहार

या अपमानामुळे आर्नोल्ड फितूर झाला, असे सामान्यतः सांगितले जाते. तारखा पाहता ते पूर्णपणे पटत नाही. ठपका मिळण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी, मे, इ.स. १७७९ मध्ये, लग्नाला जेमतेम महिना झालेला असताना त्याने चिनी मातीच्या भांड्यांचा व्यापारी जोसेफ स्टॅन्सबरी याच्यामार्फत न्यू यॉर्कमधील ब्रिटिशांशी संधान बांधले होते. न्यू यॉर्कमध्ये ही सूत्रे मेजर आंद्रे याच्या हाती होती. आता तो ब्रिटिश सरसेनापती सर हेन्री क्लिंटनचा विश्वासू होता. पत्रे अदृश्य शाईने आणि संकेतांकांत लिहिली जात. ब्लॅकस्टोनच्या विधिग्रंथाचे किंवा एखाद्या शब्दकोशाचे पान, ओळ आणि शब्द यांचे आकडे देऊन मजकूर कळवला जाई. आर्नोल्डने सैन्याच्या हालचालींची माहिती पुरवली आणि मोबदल्याची हमी मागितली. रकमेवरून घासाघीस होऊन बोलणी काही काळ थांबली, पुन्हा सुरू झाली.

अखेर किंमत ठरली ती वेस्ट पॉइंटची. हडसन नदीच्या वळणावरील हा किल्ला व नदीत आडवी टाकलेली अजस्र लोखंडी साखळी यांमुळे ब्रिटिश जहाजांना वर जाता येत नव्हते. तो हाती आल्यास न्यू इंग्लंड उर्वरित वसाहतींपासून तोडता आले असते. शिबंदीसह किल्ला मिळाल्यास २०,००० पौंड देण्याचे ब्रिटिशांनी मान्य केले. इकडे वॉशिंग्टनने आर्नोल्डला आपल्या सैन्याच्या डाव्या बगलेचे नेतृत्व देऊ केले होते. एखाद्या सेनानीला यापेक्षा मोठा मान मिळणे कठीण होते. आर्नोल्डने पायाची सबब सांगून किल्लाच मागून घेतला आणि ऑगस्ट, इ.स. १७८० च्या आरंभी त्याची सूत्रे स्वीकारली. मग त्याने शिबंदी लहान लहान कामांवर इतस्ततः पांगवली.

वेस्ट पॉइंटचा कट

२१ सप्टेंबरच्या रात्री आंद्रे व्हल्चर या ब्रिटिश युद्धनौकेतून उतरून हडसनच्या काठी आर्नोल्डला भेटला. बोलणी पहाटेपर्यंत लांबली. सकाळी कर्नल जेम्स लिव्हिंग्स्टन याने स्वतःच्या पुढाकाराने व्हल्चरवर तोफ डागली आणि नौकेला खाली सरकावे लागले. आंद्रे अमेरिकन हद्दीत अडकला. गणवेश उतरवून, नागरी पोशाखात, जॉन अँडरसन या नावाचा आर्नोल्डच्या सहीचा परवाना आणि मोज्यात किल्ल्याचे कागद घेऊन तो खुष्कीच्या मार्गाने न्यू यॉर्ककडे निघाला. २३ सप्टेंबर रोजी टॅरीटाउनजवळ जॉन पॉल्डिंग, आयझॅक व्हॅन वॉर्ट आणि डेव्हिड विल्यम्स या तीन मिलिशिया सैनिकांनी त्याला अडवले. ते आपल्याच बाजूचे आहेत असे समजून आंद्रेने आपण ब्रिटिश अधिकारी असल्याचे सांगून टाकले. झडतीत कागद सापडले.

तिघांनी त्याला कर्नल जॉन जेमसन याच्या स्वाधीन केले. जेमसनला आपल्या वरिष्ठाचा संशय आला नाही. त्याने कागद वॉशिंग्टनकडे रवाना केले आणि कैद्याला मात्र आर्नोल्डकडेच पाठवले. गुप्तहेर विभागाचा मेजर बेंजामिन टॉलमॅज याने आग्रह धरून कैद्याला वाटेतून परत आणवले. आर्नोल्डला अटकेची खबर देणारे पत्र मात्र पुढे गेले.

२५ सप्टेंबर रोजी सकाळी वॉशिंग्टन आर्नोल्डच्या घरी न्याहारीला यायचा होता. त्याचे काही अधिकारी आधी येऊन पोहोचलेही होते. तेवढ्यात जेमसनचे पत्र आर्नोल्डच्या हाती पडले. तो वर जाऊन पेगीशी दोन शब्द बोलला, वेस्ट पॉइंटला जाऊन येतो असे सांगून बाहेर पडला आणि आपल्या नावेतून थेट व्हल्चरवर गेला. ज्यांनी वल्ही मारून त्याला तेथे पोहोचवले, त्या नावाड्यांना त्या नौकेवर कैदी व्हावे लागले. थोड्याच वेळात वॉशिंग्टन आला. यजमान घरी नाही, किल्ल्यावर स्वागताची तोफ नाही, तटबंदीची दुर्दशा झालेली. दुपारी परतल्यावर जेमसनने पाठवलेले कागद त्याला मिळाले.

माडीवर पेगी भ्रम झाल्यासारखी आक्रोश करीत होती. कडेला सहा महिन्यांचे मूल होते. वॉशिंग्टन, अलेक्झांडर हॅमिल्टन आणि लाफायेत या सर्वांची ती निर्दोष असल्याची खात्री पटली आणि तिला माहेरी जाऊ देण्यात आले. दीडशे वर्षांनी क्लिंटनचे कागदपत्र मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आले, तेव्हा तिला कटाची माहिती होती आणि तिचा त्यात सहभागही होता, हे सिद्ध झाले. कार्ल व्हॅन डोरेन याने इ.स. १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही पत्रे प्रथम सविस्तर मांडली.

आर्नोल्डच्या बदल्यात आंद्रेला सोडण्याची अप्रत्यक्ष सूचना क्लिंटनकडे गेली. आश्रयाला आलेल्याला परत करणे त्याला शक्य नव्हते. नॅथॅनियल ग्रीन याच्या अध्यक्षतेखालील मंडळाने आंद्रेला हेर ठरवले. सैनिकाप्रमाणे गोळी घालून मृत्यू द्यावा ही त्याची विनंती अमान्य झाली आणि २ ऑक्टोबर, इ.स. १७८० रोजी टॅपन येथे त्याला फाशी देण्यात आले. त्याच्या धीरोदात्त वर्तनाने अमेरिकन अधिकारीही हळहळले. फिलाडेल्फियात याच सुमारास आर्नोल्डच्या दुतोंडी पुतळ्याची धिंड काढून तो जाळण्यात आला.

ब्रिटिश सेवेत

किल्ला हाती न आल्याने ठरलेली रक्कम मिळाली नाही. आर्नोल्डला ६,००० पौंड, खर्चाचे ३१५ पौंड आणि ब्रिगेडियर जनरलचे पद मिळाले. फ्रान्ससारख्या सत्तेशी केलेला तह आपल्याला मान्य नव्हता, असे समर्थन करणारे जाहीर पत्र त्याने काढले आणि अमेरिकन सैनिकांना आपल्याकडे येण्याचे आवाहन केले. प्रतिसाद अत्यल्प मिळाला. जानेवारी, इ.स. १७८१ मध्ये त्याने व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड लुटून जाळली. ६ सप्टेंबर रोजी त्याने कनेक्टिकटमधील न्यू लंडनवर हल्ला केला. हे बंदर त्याच्या जन्मगावापासून अवघ्या काही मैलांवर आहे. शहराचा मोठा भाग जळाला. नदीपलीकडच्या ग्रिसवोल्ड किल्ल्यात शरणागतीनंतरही कत्तल झाली, असे अमेरिकन वृत्तांत सांगतात. आर्नोल्ड त्या वेळी अलीकडच्या तीरावर होता. ब्रिटिशांचेही इतके सैनिक पडले, की क्लिंटनने पुन्हा त्याच्यावर मोठी कामगिरी सोपवली नाही. ऑक्टोबरमध्ये यॉर्कटाउन येथे लॉर्ड कॉर्नवॉलिसने शरणागती पत्करली. पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झालेला कॉर्नवॉलिस तो हाच.

उत्तरायुष्य

डिसेंबर, इ.स. १७८१ मध्ये आर्नोल्ड सहकुटुंब इंग्लंडला गेला. राजा तिसरा जॉर्ज याने त्याला भेट दिली, पेगीला वार्षिक ५०० पौंडांचे निवृत्तिवेतन मिळाले. परंतु युद्धविरोधी पक्ष सत्तेवर येताच त्याचे वजन संपले. ब्रिटिश सैन्यात त्याला पुन्हा कामगिरी मिळाली नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीसाठी त्याने केलेला अर्जही नाकारला गेला. त्याच्या फितुरीचा लाभ घेऊ इच्छिणाऱ्यांनाही तो आपल्या सैन्यात नको होता.

इ.स. १७८५ मध्ये तो कॅनडातील सेंट जॉन येथे व्यापारासाठी गेला. तेथे राजनिष्ठ निर्वासितांची वस्ती होती, तरी त्याचे कोणाशी पटले नाही. त्याची वखार जळाली तेव्हा विम्यासाठी ती त्यानेच जाळल्याचा आरोप भागीदार मन्सन हेट याने केला. आर्नोल्डने अब्रुनुकसानीचा दावा जिंकला. न्यायालयाने भरपाई दिली ती २० शिलिंग. दाराशी त्याचा पुतळा जाळला गेला आणि इ.स. १७९१ मध्ये तो लंडनला परतला. पुढच्या वर्षी अपमानकारक उद्गारांवरून त्याने अर्ल ऑफ लॉडरडेल याच्याशी द्वंद्व केले. कोणी जखमी झाले नाही आणि लॉडरडेलने माफी मागितली. इ.स. १७९४ मध्ये ग्वादलूप बेटावर फ्रेंचांच्या कैदेतून तो शिताफीने निसटला. अखेरच्या वर्षांत संधिवात व जलोदराने त्याला ग्रासले. १४ जून, इ.स. १८०१ रोजी तो वारला. बॅटरसी येथील सेंट मेरी चर्चमध्ये त्याचे दफन झाले. मरताना त्याने आपला जुना अमेरिकन गणवेश मागवला ही कथा लोकप्रिय असली, तरी तिला आधार नाही. मागे राहिलेले कर्ज पेगीने फेडले आणि इ.स. १८०४ मध्ये तीही वारली.

त्याचे मुलगे ब्रिटिश सैन्यात गेले. वडिलांना नाकारणाऱ्या कंपनीच्या मुलखात दोघांचे आयुष्य गेले : वेस्ट पॉइंटच्या त्या सकाळी सहा महिन्यांचा असलेला एडवर्ड इ.स. १८१३ मध्ये हिंदुस्थानातच वारला, आणि जॉर्ज बंगालच्या घोडदळात लेफ्टनंट कर्नलपदापर्यंत पोहोचला.

स्मारके

साराटोगाच्या रणभूमीवर इ.स. १८८७ मध्ये उभारलेले एक स्मारक आहे. त्यावर डाव्या पायाचा एक बूट कोरलेला आहे आणि त्या पायाच्या धन्याचे नाव नाही. जवळच्या विजयस्तंभाच्या चार कोनाड्यांपैकी तिनांत गेट्स, श्यूलर आणि मॉर्गन यांचे पुतळे असून चौथा रिकामा ठेवलेला आहे. वेस्ट पॉइंटच्या जुन्या प्रार्थनामंदिरात क्रांतियुद्धातील सेनापतींच्या शिलापट्टांची रांग आहे. त्यांतील एकावर मेजर जनरल हा हुद्दा आणि जन्माचे वर्ष एवढेच कोरलेले असून नावाची जागा कोरी आहे.